तबकडीवरचे नाव आणि पाठीवरची खूण

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या जुन्या घराचे सामान विक्रीला निघते तेथे पायऱ्यांच्या घाटाचे, क्रोमच्या पट्ट्यांचे आणि कोनदार आकड्यांचे टेबलावरचे घड्याळ दिसले, की विकणारा व घेणारा दोघेही त्याला ‘आर्ट डेको’ म्हणून मोकळे होतात; परंतु ते घड्याळ कोणत्या देशात, कोणत्या सुमारास आणि कोणाच्या कारखान्यात घडले हे ठरवायला एवढी ओळख पुरत नाही, कारण शैलीची नक्कल करता येते आणि तिचा काळ सरल्यावरही ती बाजारात दीर्घकाळ टिकून राहते. घड्याळाची विश्वासार्ह माहिती त्याच्या साहित्यात, यंत्रणेत आणि पाठीमागे उमटवलेल्या बारीक अक्षरांत असते. हे पुरावे एकत्र वाचताना एक नियम सतत ध्यानात ठेवावा लागतो: घड्याळाच्या मूळ भागांपैकी जो भाग सर्वांत अलीकडचा असेल, त्याच्यापेक्षा ते घड्याळ जुने असू शकत नाही. उत्खननात एखाद्या अबाधित थरात सापडलेले सर्वांत नवे नाणे जसे त्या थराच्या वयाची मर्यादा घालून देते, तसेच हे आहे. या नियमातील कळीचा शब्द ‘मूळ’ हा असून, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला हे ओळखणे हाच या साऱ्या अभ्यासाचा अवघड भाग होय.

आर्ट डेको हे नाव १९२५ साली पॅरिसमध्ये भरलेल्या आधुनिक शोभाकला व उद्योगकलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनावरून आलेले असले, तरी ते रूढ झाले १९६० च्या दशकात. बेव्हिस हिलिअर या इंग्रज लेखकाचे या विषयावरील पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर हे नाव संग्राहकांच्या व विक्रेत्यांच्या तोंडी बसले. साहजिकच १९३० च्या सुमारास घड्याळे घडवणारे कारखानदार आपला माल या नावाने विकत नव्हते, आणि ज्या घड्याळाच्या तबकडीवर, पाठीवर किंवा खोक्यावर हेच शब्द छापलेले असतील ते अलीकडच्या काळातील पुनर्निर्मिती आहे असे समजायला हरकत नाही.

या शैलीतील घड्याळांमध्ये स्थूलमानाने दोन टप्पे दिसतात. १९२० च्या दशकातील, विशेषतः फ्रान्समधील घड्याळे श्रीमंतांच्या हौसेसाठी घडलेली असून त्यांत मकासर एबनीसारखे काळसर रेषांचे लाकूड, हिरवा ऑनिक्स, संगमरवर, मीनाकाम, तसेच शाग्रीन, म्हणजे पाकट जातीच्या माशाचे दाणेदार कातडे, असे महागडे साहित्य मुक्तहस्ते वापरलेले आढळते. नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यानंतर इजिप्शियन कमळे, पंख पसरलेले सूर्यबिंब आणि पिरॅमिडचे आकार यांची जी लाट आली, तिचे पडसादही या घड्याळांवर उमटले. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळत्या होत जाणाऱ्या घाटाचे एक उगमस्थान मात्र न्यूयॉर्कमध्ये आहे: तेथील १९१६ च्या नियमानुसार उंच इमारतींना रस्त्यावर उजेड पोहोचावा म्हणून वरचे मजले मागे सारावे लागले आणि त्यातून तयार झालेली गगनचुंबी इमारतींची बाह्यरेषा पुढे रेडिओ, अत्तराच्या बाटल्या आणि घड्याळे यांच्यावर उतरली. जागतिक मंदीनंतरच्या दुसऱ्या टप्प्यात चैनीचे साहित्य मागे पडून गोलसर कोपरे, आडव्या समांतर रेषा, निळ्या आरशाची काच, क्रोम आणि बॅकेलाइट यांचा जमाना आला; आगगाडीची इंजिने, बोटी आणि विमाने यांचा वेग आता टेबलावरच्या स्थिर वस्तूंनाही हवासा वाटू लागला होता.

हे वर्णन उपयोगी असले तरी त्यावरून घड्याळाच्या वयाची केवळ एकच बाजू ठरते, ती म्हणजे ते अमुक काळाच्या आधीचे नसावे. ते नंतरचे असण्याची शक्यता पूर्णपणे खुली राहते. मुंबईतील वास्तूंचा दाखला येथे पुरेसा बोलका आहे. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातील ज्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला, त्या प्रामुख्याने १९३० च्या दशकापासूनच्या आहेत. इरॉस चित्रपटगृह १९३८ मध्ये सुरू झाले, तर याच शैलीचा देखणा नमुना असलेले लिबर्टी चित्रपटगृह १९४९ मध्ये, म्हणजे पॅरिसच्या प्रदर्शनानंतर जवळजवळ पाव शतकाने खुले झाले. ज्या शहरात ही शैली स्वातंत्र्यानंतरही ताजी वाटत होती, तेथील दिवाणखान्यातले घड्याळ केवळ त्याच्या घाटावरून १९३० चे ठरवणे हे धाडसाचे होईल.

साहित्याची साक्ष यापेक्षा नेमकी असते. बेल्जियममध्ये जन्मलेले रसायनतज्ज्ञ लिओ बेकलँड यांनी १९०७ साली अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून जे कृत्रिम राळेसारखे द्रव्य तयार केले, त्याला १९०९ मध्ये पेटंट मिळाले आणि तेच बॅकेलाइट या नावाने जगभर गेले. साच्यात उष्णता व दाब देऊन एकदा घट्ट केले की ते पुन्हा वितळत नाही; त्यात लाकडाच्या भुशासारखी भर घातलेली असते आणि मूळ राळ गडद असल्याने बॅकेलाइटची घड्याळे बहुधा तपकिरी, काळी किंवा अक्रोडाच्या लाकडासारखी छटा मारणारी असतात. फिकट हिरवी किंवा हस्तिदंती रंगाची साच्यातील घड्याळे दिसली तर ती प्रायः युरिया-फॉर्माल्डिहाइड या १९२० च्या दशकात पुढे आलेल्या द्रव्याची असतात, आणि मधासारखी किंवा संगमरवरासारखी पारदर्शक झाक असलेली घड्याळे कॅटालिनची, म्हणजे भर न घालता ओतून घडवलेल्या फिनॉलिक राळेची असतात. कॅटालिनचे रंग प्रकाशाने पालटतात: मूळचे पांढरे कवच दशकांनंतर लोण्यासारखे पिवळे होते आणि निळे हिरवटपणाकडे झुकते. म्हणून अशा घड्याळाची मागची पत्र्याची झाकणी काढून कवचाची आतली बाजू पाहावी. जेथे उजेड पोहोचलेला नाही तेथे जुना रंग शिल्लक असतो आणि आतला व बाहेरचा रंग यांतील फरक हा वयाचा चांगला पुरावा ठरतो, कारण नव्या नकलेत तो नसतो.

बॅकेलाइट पारखण्याचा सोपा उपाय म्हणजे कवचाचा आतल्या बाजूचा कोपरा अंगठ्याने जोरात घासून ऊब आणणे. त्यातून कार्बोलिक साबणाची आठवण करून देणारा उग्र वास येतो. धातू चमकवण्याचे पॉलिश कापसावर घेऊन अगदी लहानशा जागी हलकेच फिरवले असता कापूस पिवळसर होणे हीदेखील संग्राहकांमध्ये मान्य असलेली खूण आहे. तापवलेली सुई टोचण्याचा जो सल्ला काही ठिकाणी दिला जातो तो मात्र सर्वथा टाळावा, कारण त्याने वस्तू कायमची बिघडते आणि कवच बॅकेलाइटऐवजी सेल्युलॉइडचे निघाल्यास ते झटकन पेट घेते. सेल्युलॉइडला घासल्यावर कापराचा वास येतो, एवढी ओळख पुरेशी आहे.

धातूंच्या बाबतीतही असेच कालक्रम लावता येतात. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आला. त्याआधी चकाकीसाठी निकेल वापरीत. दोन्ही शेजारी ठेवल्यास निकेलची झाक किंचित पिवळसर आणि क्रोमची निळसर दिसते. संगमरवरी बैठकीवर उभे असलेले हरिण, ग्रेहाउंड किंवा चित्ता ही फ्रेंच घड्याळांची लाडकी सजावट असून ती कांस्याची म्हणून विकली जाते, पण पुष्कळदा ती स्पेल्टरची, म्हणजे जस्तप्रधान मिश्रधातूची असून तिला कांस्याचा रंग दिलेला असतो. मूर्ती तळाच्या बाजूने तपासली की रंग उडालेल्या ठिकाणी करडा पांढरट धातू दिसतो. कांस्य असते तर तेथे पिवळी लाली दिसली असती. स्पेल्टर असणे हा दोष नव्हे, कारण त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांसाठी घडलेल्या घड्याळांचे ते प्रामाणिक साहित्य होते. आक्षेप आहे तो कांस्याच्या भावाने ते विकण्याला.

यानंतर घड्याळ पालथे करावे. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव असणे बंधनकारक केले, ब्रिटनमध्ये १८८७ च्या कायद्यापासून परदेशी मालाच्या खुणांवर नियंत्रण आले, आणि त्यामुळे या काळातील घड्याळांच्या पाठीवर ‘मेड इन जर्मनी’, ‘स्विस मेड’ किंवा ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे सापडतात. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘वेस्टर्न जर्मनी’ असे लिहिलेले घड्याळ १९४९ नंतरचेच असणार, मग त्याचा घाट कितीही आधीचा वाटो. ‘ऑक्युपाइड जपान’ ही खूण दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतची. याउलट ‘डी.आर.पी.’ आणि ‘डी.आर.जी.एम.’ ही जर्मन साम्राज्याच्या पेटंटाची व उपयुक्त नमुन्याच्या नोंदणीची संक्षिप्त अक्षरे असून ती सर्वसाधारणपणे १९४५ पूर्वीचा काळ सुचवतात. फ्रेंच घड्याळांवरील ‘एस.जी.डी.जी.’ म्हणजे सरकारने हमी न घेता दिलेले पेटंट. ही पद्धत १८४४ पासून १९६० च्या दशकापर्यंत चालू असल्याने त्यावरून देश कळतो, काळ फारसा कळत नाही. अमेरिकी पेटंटांचे क्रमांक मात्र सलग वाढत गेल्यामुळे ते विशेष उपयोगी आहेत: १९३० सालची सुरुवात १७ लाख ४२ हजारांच्या पुढून, १९३५ सालची १९ लाख ८५ हजारांच्या पुढून आणि १९४० सालची २१ लाख ८५ हजारांच्या पुढून झाली. अर्थात तोच क्रमांक कारखाना पुढे अनेक वर्षे उमटवीत राहतो, त्यामुळे पेटंटाचे वर्ष ही घड्याळाच्या वयाची वरची मर्यादा असते, त्याची जन्मतारीख नसते.

जन्मवर्ष जवळजवळ नेमके सांगणारी एक खूण मात्र आहे, ती म्हणजे इंग्लंडमधील चांदीवरचे शिक्के. चांदीच्या चौकटीच्या टेबल घड्याळांवर सिंहाच्या आकृतीसोबत तपासणी केंद्राचे चिन्ह असते, उदाहरणार्थ बर्मिंगहॅमचा नांगर किंवा लंडनचे बिबट्याचे मुख, आणि त्याच्याशेजारी एक अक्षर असते जे दरवर्षी बदलत असे. त्या अक्षराचा आकार व त्याभोवतीच्या ढालीची ठेवण पाहून छापील तक्त्यावरून वर्ष काढता येते. एवढे सोपे उत्तर बाकी घड्याळांच्या नशिबी नसते.

तबकडीवरील नावाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. त्या काळात मोठे जवाहिरे आणि घड्याळविक्रेते तयार घड्याळे घाऊक विकत घेऊन त्यांवर स्वतःचे नाव छापून घेत. लंडनच्या मॅपिन अँड वेब किंवा गॅरार्ड या पेढ्यांचे नाव असलेल्या घड्याळाच्या आत एलियट या लंडनच्याच कारखान्याची यंत्रणा निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. भारतातही मुंबई व कलकत्त्याची वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबईत व्यापार करणारी फाव्र-लुबा, मद्रासची पी. ऑर अँड सन्स अशी नावे ग्राहकांना परिचित होती. अशा नावावरून घड्याळ कोठे विकले गेले आणि कोणत्या वर्गातील ग्राहकासाठी आणले गेले हे कळते, ही माहिती स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने मोलाचीच आहे. मात्र ते कोणी घडवले हे शोधायचे तर यंत्रणेच्या पाटीवरची खूण पाहावी लागते. जर्मनीतील श्राम्बर्ग येथील युंगहान्सचा आठ टोकांचा तारा आणि त्यातील रोमन ‘जे’, हॅम्बुर्ग-अमेरिकन कंपनीचे एकमेकांना छेदणारे दोन बाण या खुणा तबकडीवर क्वचित आणि पितळी पाटीवर ठळक असतात. एन्फील्ड या नावाची लंडनची कंपनी १९२९ मध्ये सुरू झाली आणि १९३३ मध्ये स्मिथ्स या इंग्रज घड्याळ कंपनीच्या ताब्यात गेली, ही वर्षे माहीत असली की केवळ त्या नावावरूनही काळाचा पल्ला बराच आटोपशीर होतो.

यंत्रणा, जिला घड्याळजी सहसा ‘मशीन’ म्हणतात, ती टेबल घड्याळात बहुधा बिनलंबकाची असते, कारण हलवल्या जाणाऱ्या वस्तूत लंबक टिकत नाही; त्याऐवजी पुढेमागे झुलणारे एक लहान चाक आणि केसासारखी बारीक स्प्रिंग काळाचे नियमन करतात. तबकडीवर ‘८ डेज’, ‘८ जुर’ किंवा ‘८ टागे’ असे लिहिलेले असल्यास एकदा चावी दिल्यावर ते आठ दिवस चालते आणि त्या शब्दाच्या भाषेवरून ते कोणत्या बाजारपेठेसाठी बनले याचा अंदाज बांधता येतो. यंत्रणेत माणकांचे, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या कृत्रिम मौल्यवान खड्यांचे बिंदू दिसले तर ते चांगल्या प्रतीचे काम. साध्या पोलादी खिळ्यांवर चालणारी यंत्रणा स्वस्त मालाची खूण, आणि बाहेरचे कवच व आतील यंत्रणा यांच्या दर्जात फार तफावत असेल तर दोघांची गाठ नंतर घातली गेल्याचा संशय घ्यावा.

विजेच्या घड्याळांची कहाणी मात्र याहून रंजक आहे आणि भारतीय खरेदीदाराला ती फारशी माहीत नसते. अमेरिकेतील हेन्री वॉरन यांनी घरगुती विजेच्या प्रवाहाशी ताल धरून फिरणारी, म्हणजे समकालिक, मोटर घड्याळासाठी वापरली आणि १९१६ मध्ये बॉस्टनच्या वीजकेंद्रात प्रवाहाची वारंवारता अचूक राखण्यासाठी आपले मुख्य घड्याळ बसवले. त्यातून टेलिक्रॉन हे नाव उदयाला आले. या घड्याळात कमान नसते, टिकटिक नसते आणि सेकंदकाटा धक्क्याने न सरकता अखंड वाहतो. प्रवाहाच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवरच सारा हिशेब असल्यामुळे अमेरिकेच्या ६० आवर्तनांसाठी घडलेले घड्याळ योग्य ट्रान्सफॉर्मर लावूनही भारतातील ५० आवर्तनांवर चालवले, तर प्रत्यक्ष तासाभरात ते ५० मिनिटेच पुढे जाते आणि दिवसाअखेर ४ तास मागे पडते. अनेकदा अशा घड्याळाला बिघडलेले समजून टाकून दिले जाते, वस्तुतः ते उत्तम चालू असून आपला देश सांगत असते.

इंग्लंडमधील स्मिथ्सच्या ‘सेक्ट्रिक’ घड्याळांच्या पाठीवर २०० ते २५० व्होल्ट आणि ५० आवर्तने असा उल्लेख असतो, म्हणून भारतातील ५० आवर्तनांच्या विजेवर ती अडचण न येता चालली. त्यांतील अनेक घड्याळांच्या पाठीमागे एक लहान खुंटी असते, जी हाताने फिरवून मोटर सुरू करावी लागते. हा दोष वाटला तरी त्यामागे विचार होता: वीज जाऊन परत आल्यावर घड्याळ आपोआप सुरू झाले असते तर ते गुपचूप चुकीची वेळ दाखवीत राहिले असते, बंद पडलेले घड्याळ मात्र कोणाची फसवणूक करीत नाही. टेलिक्रॉनने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांची अनेक घड्याळे आपोआप सुरू होत, पण मध्ये वीज गेली होती हे कळावे म्हणून तबकडीवरील छोट्या खिडकीत लाल ठिपका दिसे. विजेच्या पाटीवर आवर्तनांसाठी ‘सायकल’ किंवा लहरीची आकृती असेल तर ते जुन्या वळणाशी जुळते. ‘हर्ट्‌झ’ हे एकक १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत आल्यानंतर सर्वत्र रुळले, त्यामुळे ‘एचझेड’ अक्षरे असलेली पाटी १९३० च्या दशकातील मूळ पाटी असण्याचा संभव फारच कमी.

अशा बारीक विसंगतींकडे ज्याची नजर जाते त्याची फसगत सहसा होत नाही. अधिक चिन्हासारख्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आले, म्हणून १९२८ चे म्हणवणाऱ्या घड्याळात ते दिसले तर निदान तो स्क्रू तरी बदललेला आहे. काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक, तबकडीच्या मध्यभागी काट्यांवर आवळलेली चपटी नट, चावीचे छिद्र बुजवल्याची खूण आणि आत काळ्या प्लास्टिकची चौकोनी पेटी व बोटभर लांबीचा सेल, या सर्वांचा अर्थ एकच: मूळ यंत्रणा काढून १९७० नंतरच्या काळात आलेली क्वार्ट्‌झ यंत्रणा बसवलेली आहे. घड्याळ चालू राहावे म्हणून कोणी असे केले असेल तर त्यात गैर काही नाही, परंतु त्याची किंमत मूळ यंत्रणेसह असलेल्या घड्याळाइतकी मागणे गैर आहे.

काळोखात चमकणारे आकडे व काटे असलेल्या घड्याळांबाबत मात्र जिज्ञासेला आवर घालावा लागतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान ही चमक रेडियम मिसळलेल्या रंगाने आणली जाई. त्यातील झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होते आणि आकडे चमकेनासे होतात, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग जवळजवळ जसाच्या तसा राहतो. चमक गेली म्हणून धोका गेला असे समजणे हे म्हणूनच घातक ठरते. अमेरिकेत हा रंग भरणाऱ्या आणि ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरणाऱ्या तरुण कामगार स्त्रियांच्या जबड्यांची व हाडांची जी हानी झाली, ती १९२० च्या दशकातील न्यायालयीन लढ्यामुळे जगापुढे आली. तबकडीवरील आकड्यांचा रंग तपकिरी पडून भुकटी होत असेल तर घड्याळ उघडू नये, तो रंग खरवडू नये आणि फुंकर मारून झटकू नये. काच शाबूत असलेले घड्याळ कपाटात ठेवून पाहण्यात फारसा धोका नाही. तबकडीच्या तळाशी ‘टी’ अक्षर असल्यास ट्रिटियमचा रंग वापरलेला असून घड्याळ १९६० च्या दशकातील किंवा त्यानंतरचे आहे. विजेच्या घड्याळांच्या सुती वेष्टनाच्या रबरी वायरी इतक्या वर्षांत ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय त्या प्लगमध्ये लावू नयेत.

हस्तिदंत जडवलेले घड्याळ असल्यास भारतात त्याची खरेदी-विक्री कायद्याने निषिद्ध आहे, आणि ऐतिहासिक महत्त्वाची १०० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. १९२५ च्या आसपासची घड्याळे आता या शंभरीत प्रवेश करीत असल्याने त्यांचे वय ठरवणे हा निव्वळ हौसेचा प्रश्न उरलेला नाही. स्वच्छतेच्या नावाखाली मुलामा घासून काढणे, तबकडी नव्याने रंगवून घेणे किंवा पितळी पाटी आरशासारखी चमकवणे यांमुळे वर सांगितलेले बहुतेक पुरावे नाहीसे होतात, म्हणून काहीही करण्यापूर्वी घड्याळाच्या सर्व बाजूंची, पाठीची आणि यंत्रणेची स्पष्ट छायाचित्रे घेऊन ठेवणे अगत्याचे आहे.

ओळख पटली की ती जशी सिद्ध झाली तशीच लिहून ठेवावी. पाठीवर सेक्ट्रिकची पाटी, बाहेर तपकिरी बॅकेलाइट, क्रोमची कड आणि तबकडीवर मुंबईच्या विक्रेत्याचे नाव असलेल्या घड्याळाची नोंद ‘१९३० चे दुर्मीळ आर्ट डेको घड्याळ’ अशी न करता ‘इंग्लंड, स्मिथ्सची समकालिक विद्युत यंत्रणा, हाताने सुरू करण्याची खुंटी, कवच बॅकेलाइटचे, मूळ, वायर बदललेली, विक्रेत्याचे नाव मुंबईचे, काळ बहुधा १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध’ अशी करावी, आणि ‘बहुधा’ हा शब्द कोणत्या पुराव्याअभावी लिहावा लागला तेही त्याखाली नमूद करावे.